जेईईनंतर बाहेरच्या राज्यातलं कॉलेज निवडताना: जोसाची चॉइस लिस्ट सोप्या भाषेत

दर जूनमध्ये आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच विषय असतो. कुणाच्या तरी मुलाची नाहीतर मुलीची जेईईची, म्हणजे इंजिनीअरिंगच्या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेची, रँक आलेली असते आणि मग सगळे तज्ज्ञ जागे होतात. एक काका म्हणतात एनआयटी (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) म्हणजे एनआयटी, कुठलीही मिळो, डोळे मिटून घ्या. आत्याचं म्हणणं, इतक्या लांब कशाला पाठवायचं, पुण्यात काय कमी आहे का. आणि ज्याला जायचंय तो बिचारा मागच्या वर्षीचे कटऑफ एक्सेलमध्ये चढत्या क्रमाने लावत बसलेला असतो, आणि गंमत म्हणजे तोच क्रम उचलून चॉइस लिस्टमध्ये टाकणार असतो. तर हे सगळं प्रकरण नक्की चालतं कसं आणि लांब जायचं ठरवताना काय बघायचं ते जरा सविस्तर सांगतो.

आधी थोडक्यात, जोसा म्हणजे जॉइंट सीट ॲलोकेशन अथॉरिटी. 2015 पासून आयआयटी, एनआयटी, ट्रिपल आयटी (इन्फर्मेशन टेक्नॉलॉजीच्या राष्ट्रीय संस्था) आणि केंद्राच्या पैशावर चालणाऱ्या आणखी काही संस्था यांच्या इंजिनीअरिंगच्या सीट्स इथून एकत्र, एकामागून एक राउंड्समध्ये वाटल्या जातात. आज त्यात 23 आयआयटी, 31 एनआयटी आणि 26 ट्रिपल आयटी आहेत. आयआयटीसाठी जेईई ॲडव्हान्स्डची रँक लागते, बाकी सगळीकडे बीटेकला जेईई मेनची रँक चालते. बारावीला 75 टक्के किंवा आपल्या बोर्डाच्या टॉप 20 पर्सेंटाइलमध्ये असणं ही अट वेगळी, एससी, एसटी आणि दिव्यांगांना तिथे 65 टक्के. आपलं सीओईपी, व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद वगैरे यात नाही, ती राज्याच्या सीईटी सेलच्या कॅप राउंडमधून, म्हणजे राज्याच्या स्वतःच्या प्रवेश फेऱ्यांमधून, भरतात आणि ते बहुतेक वेळा जोसाच्या मागून रेंगाळत चालतं, त्यामुळे होतं काय की एनआयटीचा निर्णय घ्यायची वेळ येते तेव्हा कॅपला काय मिळणार हे अजून गुलदस्त्यात असतं.

आता मुद्द्याचं. चॉइस लिस्टमध्ये तुम्ही कॉलेज भरत नाही, कॉलेज आणि ब्रँच अशी जोडी भरता. सुरतकल (कर्नाटकातली एनआयटी) मेकॅनिकल ही एक चॉइस, सुरतकल मेटलर्जी ही दुसरी. अशा कितीही भरता येतात, दोनशे भरणारेही असतात. मग कॉम्प्युटर काय करतो, तर तुमची सगळ्यात वरची चॉइस उचलतो आणि बघतो की तुमच्यापेक्षा चांगली रँक असलेल्या, ही सीट मागणाऱ्या पोरांना देऊन इथे जागा उरते का. उरली तर ती तुमची. नाही उरली तर दुसरी चॉइस, मग तिसरी, असं खाली खाली. यामागचं गणित 1962 साली गेल आणि शॅप्ली या दोघांनी मांडलं होतं आणि त्याचा एक भारी गुण आहे जो लोकांना पटवून द्यायला मला दरवर्षी अर्धा तास लागतो. तो असा की सीट देताना तुमची रँक बघितली जाते, तुम्ही ती चॉइस कितव्या नंबरवर टाकली हे दुसऱ्याशी तुलना करताना बघितलंच जात नाही. समजा तुमची रँक 20,900 आहे आणि तुम्ही राउरकेला एनआयटीचं सिव्हिल चाळिसाव्या नंबरवर टाकलंय, आणि दुसऱ्या एकाची 21,300 आहे पण त्याने तेच पहिल्या नंबरवर टाकलंय. कॅटेगरी आणि राखीव वाटा (होम स्टेट की अदर स्टेट, ते पुढे येतंय) दोघांचा सारखाच असेल तर वरच्या एकोणचाळीसपैकी काही न मिळता तुम्ही तिथे पोचलात की ती सीट तुमचीच, त्याने पहिली टाकली म्हणून त्याला जास्तीचं काही मिळत नाही.

याचा अर्थ काय, तर वर अशक्य वाटणाऱ्या चॉइसेस टाकल्याने खालचं काहीही हातचं जात नाही. "वरचे नंबर वाया घालवू नको" हा सल्ला कुठून आला देव जाणे, पण तो इथे साफ चुकीचा आहे. उलट खरी गडबड होते ती कटऑफच्या क्रमाने लिस्ट लावल्यावर. कटऑफ तुम्हाला फक्त एवढंच सांगतो की मागच्या वर्षी इतर पोरांना काय हवं होतं. तुम्हाला काय हवंय हे त्याला माहीत नाही. एखाद्या मुलीला खरोखर इलेक्ट्रिकल आवडतं पण कॉम्प्युटरचा कटऑफ चढा म्हणून ती कॉम्प्युटर वर टाकते आणि नेमकं तेच मिळतं, मग मशीनला दोष देऊन काय उपयोग, त्याने दिलं ते तिने मागितलेलंच.

क्रम लावायचा माझा उपाय एकदम साधा आहे. दोन जोड्या शेजारी ठेवायच्या आणि विचारायचं की आत्ता या दोन्हीची अलॉटमेंट लेटर्स हातात आली तर कुठलं घेशील. त्रिची एनआयटीचं प्रॉडक्शन की नागपूर एनआयटीचं इलेक्ट्रॉनिक्स? उत्तर आलं की जिंकलेली जोडी वर, मग पुढची दोन. एक संध्याकाळ जाते, घरात थोडी वादावादी होते, पण लिस्ट खरी बनते. आणि दुसरी बाजू पण लक्षात ठेवा, जिथे मेलो तरी जाणार नाही अशी जोडी तळाला सुद्धा टाकायची नाही. तीच मिळाली आणि तुम्ही घेतली नाहीत तर तुम्ही पुढच्या राउंड्समधून बाहेर पडता.

कटऑफचा तक्ता वाचताना दोन ठिकाणी हमखास घोळ होतो. एक म्हणजे ओपनच्या ओळीत कॉमन रँक असते, पण ओबीसी, ईडब्ल्यूएस, एससी, एसटी या ओळींत त्या त्या कॅटेगरीची रँक असते, त्यामुळे ओबीसीच्या ओळीत 6,000 दिसतंय आणि आपली कॉमन रँक 19,000 आहे म्हणून रडायचं कारण नाही, आपली कॅटेगरी रँक बघा. दुसरं म्हणजे जेंडर न्यूट्रल आणि फीमेल ओन्ली अशा वेगळ्या ओळी असतात. 2018 पासून मुलींसाठी जादा सीट्स आहेत आणि मुलींचा विचार दोन्हीकडे होतो, म्हणून मुलीने फक्त जेंडर न्यूट्रलची ओळ बघून "नाही मिळणार" असं ठरवू नये. शेवटच्या राउंडचा क्लोजिंग रँक (ती सीट मिळालेल्या शेवटच्या मुलाची रँक) बघा, पहिल्याचा नको, आणि एकाच वर्षाचा बघू नका, दोन-तीन वर्षांचे बघा.

आता होम स्टेट. एनआयटीत निम्म्या सीट्स त्या राज्यातल्या मुलांना असतात आणि निम्म्या बाहेरच्यांना. आयआयटीत हा प्रकार नाही. आपल्या राज्याची एनआयटी म्हणजे नागपूरची व्हीएनआयटी, बाकी सगळीकडे आपण अदर स्टेट. पण "आपलं राज्य" म्हणजे जिथे जन्मलो, जिथलं रेशन कार्ड आहे ते नाही, बारावी जिथून पास झालात ते राज्य. हे खूप जणांना उशिरा कळतं. अकरावी-बारावीला क्लाससाठी राजस्थानातल्या कोटा शहरात जाऊन तिथल्याच एखाद्या शाळेतून बारावी दिलेला जळगावचा मुलगा एनआयटीच्या हिशोबात राजस्थानी झाला, त्याला जयपूर होम स्टेट आणि नागपूर परराज्य. बेळगावात बारावी केलेल्या मराठी मुलीला सुरतकल होम स्टेट. गोव्यातल्यांना गोव्याची एनआयटी. हे चांगलं की वाईट ते ज्याच्या त्याच्या रँकवर आहे, पण कटऑफची ओळ चुकीची वाचली तर सगळाच हिशोब चुकतो. कोटावाल्यांना कॅपसाठी महाराष्ट्राच्या डोमिसाइलवर वाट असते, ते कागद मात्र आधीच काढून ठेवायला लागतात. आणि हो, ईशान्येकडच्या एनआयटींचे होम स्टेटचे कटऑफ बघून हुरळून जाऊ नका, ते तिथल्या मुलांसाठी आहेत, आपण अदर स्टेटची ओळ बघायची.

आता अंतर. इथे मला लोकांशी सगळ्यात जास्त भांडावंसं वाटतं. महाराष्ट्रात आहे म्हणजे जवळ आणि बाहेर आहे म्हणजे लांब, हे डोक्यातून काढून टाका. नकाशा ठेवा बाजूला, रेल्वेचं टाइमटेबल उघडा. चंद्रपूरच्या मुलाला वारंगळची एनआयटी बल्लारशाहून काझीपेटला चार तासांच्या आसपास, आणि पुणं गाठायला त्याला एक रात्र पुरत नाही. नंदुरबारहून सुरत तीन-साडेतीन तास, तापीच्या कडेने जाणाऱ्या लाइनवर, तिथे एसव्हीएनआयटी ही एनआयटी आहे, त्यामानाने नागपूर केवढं लांब. गोंदियाला रायपूरची एनआयटी आणि नागपूर जवळपास सारखंच. रत्नागिरीच्या मुलीने रात्री मत्स्यगंधा पकडली की सकाळी ती थेट सुरतकल स्टेशनला उतरते, नागपूरला जायचं तर बहुतेक वेळा आधी मुंबई गाठा मग पुढची गाडी. भुसावळ आणि जळगावकडच्यांना भोपाळची एनआयटी, मॅनिट. आता याच्या उलट बाजू बघा. हिमाचलातल्या हमीरपूरच्या एनआयटीला रेल्वेच नाही, ऊना नाहीतर चंदीगडला उतरून डोंगरातली बस. ईशान्येकडच्या सिलचर आणि आगरतळा एनआयटी म्हणजे ट्रेनने दोन दिवसांहून जास्तच, नाहीतर कोलकाता किंवा गुवाहाटीमार्गे विमान, आणि सुट्टीच्या तोंडावर ते तिकीट एका महिन्याच्या मेसपेक्षा महाग. जाऊ नका असं अजिबात म्हणत नाही, तिथे जाऊन मस्त शिकणारी मराठी पोरं आहेत, फक्त वर्षातून दोनदाच घरी येणं होईल हे आईला ॲडमिशनच्या आधी सांगा, नंतर नाही.

मला विचाराल तर अंतर आणि ब्रँच हे दोन वेगळे प्रश्न नाहीतच. नावडती ब्रँच घरापासून चार तासांवर कशीबशी निभते, पोरगं शनिवार-रविवार घरी येतं, जेवतं, झोपतं, परत जातं. तीच नावडती ब्रँच दोन दिवसांच्या अंतरावर, भाषा वेगळी, थंडी वेगळी, मेसमध्ये रोज तेच, अशा ठिकाणी चार वर्षं काढणं फार जड जातं. म्हणून जितकं लांब तितकी ब्रँच पक्की आवडीची हवी. जवळच्या ठिकाणी एकवेळ तडजोड चालेल. नुसतं एनआयटीचं नाव लागतं म्हणून हजारो किलोमीटरवर नको असलेलं काहीतरी घेणं आणि त्यासाठी सीओईपी किंवा व्हीजेटीआयचं हवं ते सोडणं, हे मला तरी पटत नाही. काकांना पटतं.

ब्रँच आवडीची आहे का हे नावावरून कळत नाही. केमिस्ट्री आवडते म्हणून केमिकल घेणारे दरवर्षी असतात आणि तिथे गेल्यावर बघतात तर फ्लुइड मेकॅनिक्स, हीट ट्रान्सफर, मास ट्रान्सफर, म्हणजे बरंचसं गणित आणि फिजिक्स, केमिस्ट्री आपली थोडीशी कोपऱ्यात. हे टाळायचं असेल तर त्या कॉलेजच्या वेबसाइटवर डिपार्टमेंटच्या पानावर करिक्युलमची पीडीएफ असते ती उघडा. पहिली दोन सेमिस्टर सोडून द्या, ती सगळीकडे साधारण सारखीच. तिसऱ्या ते सहाव्या सेमिस्टरमधल्या विषयांची नावं वाचा आणि त्यातले दोन-तीन विषय एनपीटीईएलवर (आयआयटीच्या प्राध्यापकांच्या ऑनलाइन लेक्चर्सची साइट) शोधून पहिली लेक्चर्स बघा, फुकट आहेत. सगळं कळणार नाही, कळायचीही गरज नाही, पण वीस मिनिटांत झोप येते की पुढचं लेक्चर लावावंसं वाटतं एवढं समजतं. एआय, डेटा सायन्स असल्या नावांच्या नव्या ब्रँचेसचं तर करिक्युलम साध्या कॉम्प्युटर सायन्सच्या शेजारी ठेवूनच बघा, कधी चार विषयांचाच फरक निघतो. आणि "आत्ता घे, नंतर ब्रँच बदलता येईल" यावर विसंबू नका, जागा मोजक्या असतात, वर्गातल्या वरच्या पोरांनाच मिळतात आणि काही आयआयटींनी ती सोय बंदच केलीये.

कॉलेजची परीक्षा कशी करायची? एनआयआरएफचा, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज रँकिंगचा, रँक सगळे सांगतात, पण इंजिनीअरिंगच्या त्या रँकमध्ये 30 टक्के वजन रिसर्चला आहे आणि 10 टक्के लोकांच्या मताला, म्हणजे परसेप्शनला. पहिल्या वर्षाच्या पोराला कॉलेजचे किती रिसर्च पेपर छापून आले याने फारसा फरक पडत नाही. पण त्याच एनआयआरएफमध्ये एक खजिना आहे जो कुणी उघडतच नाही. रँकिंगसाठी प्रत्येक कॉलेज जी माहिती भरून देतं त्याची पीडीएफ जाहीर असते, कॉलेजच्या साइटवरही ठेवलेली असते. त्यात चार वर्षांच्या यूजी कोर्सच्या तक्त्यात किती मुलं आली, किती वेळेत पास झाली, किती प्लेस झाली, मीडियन पगार किती आणि किती पुढे शिकायला गेली हे ओळीने दिलेलं असतं. समजा 700 पास झाले, 480 प्लेस झाले, 90 पुढच्या शिक्षणाला गेले, मग उरलेले 130 कुठे गेले? हा प्रश्न प्लेसमेंटच्या पोस्टरवर कधीच नसतो. पोस्टरवर एकाला मिळालेलं पॅकेज असतं. सरासरीवरही जाऊ नका, दोन-चार तगडी पॅकेजेस तिला वर खेचतात. मीडियन म्हणजे सगळ्यांना पगाराप्रमाणे रांगेत उभं केलं तर बरोबर मधल्याला किती मिळतात तो आकडा, आणि आपलं पोरगं तिथेच कुठेतरी असण्याची शक्यता जास्त. हे आकडे सगळ्या ब्रँचेस मिळून असतात एवढं ध्यानात ठेवा, मेटलर्जीचा पगार त्यातून कळणार नाही, त्यासाठी प्लेसमेंट सेलचा रिपोर्ट नाहीतर तिथला एखादा सीनियर. त्याच पीडीएफमध्ये राज्यातली मुलं किती आणि बाहेरची किती हेही असतं, लांब जाणाऱ्याने ते जरूर बघावं.

पैशाचं पण बोलू. एनआयटीची ट्यूशन फी वर्षाला साधारण 1,25,000 आणि आयआयटीची 2 लाख, हॉस्टेल, मेस वगैरे वेगळं. एससी, एसटी आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ट्यूशन फी माफ. इतरांमध्ये घरचं उत्पन्न 1 लाखाच्या आत असेल तर पूर्ण माफ आणि 1 ते 5 लाख असेल तर दोन तृतीयांश माफ, म्हणजे एनआयटीला वर्षाला 42 हजारांच्या आसपास. खाजगी भागीदारीतल्या ट्रिपल आयटींची फी मात्र बरीच जास्त असते, तिथे फीचं पत्रक बघितल्याशिवाय चॉइस भरू नका. आणि हे बाजूला ठेवून दुसरीकडे बघा, 2024 पासून महाराष्ट्रात कॅपमधून प्रोफेशनल कोर्सला गेलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर ट्यूशन आणि परीक्षा फी माफ आहे. राज्याबाहेर गेलं की ही सवलत नाही. त्यामुळे मुलीच्या बाबतीत घरचं कॉलेज विरुद्ध लांबची एनआयटी हा हिशोब चार वर्षांत काही लाखांनी बदलतो, तो कागदावर मांडूनच बघा. कर्ज लागणार असेल तर पीएम विद्यालक्ष्मी योजनेत ठरलेल्या संस्थांसाठी तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं, 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर 3 टक्के व्याजसवलतीची सोय त्यात आहे.

कागदपत्रांत एकच गोष्ट घोकून ठेवा. ओबीसी नॉन क्रीमी लेयर आणि ईडब्ल्यूएस सर्टिफिकेट केंद्राच्या नमुन्यातलं लागतं आणि त्याच वर्षाच्या 1 एप्रिलनंतर काढलेलं. सेतू केंद्रात जाऊन "नॉन क्रीमी लेयर द्या" म्हटलं की बहुतेक वेळा राज्याच्या नमुन्यातलं हातात पडतं, म्हणून "केंद्राचं" हे स्पष्ट सांगा. राज्यातल्या व्हीजे, एनटी या कॅटेगरी जोसात नाहीत, त्यातले बरेच समाज केंद्राच्या यादीत ओबीसीत येतात, पण यादीत आपलं नाव स्वतः शोधा, शेजाऱ्याला मिळालं म्हणून आपल्याला मिळेल असं नाही. हे काम एप्रिलमध्येच उरका, जूनमध्ये तहसीलच्या रांगेत अख्खा जिल्हा उभा असतो.

अलॉटमेंट आली की फ्रीझ, फ्लोट, स्लाइड. फ्रीझ म्हणजे बास, हेच हवं. स्लाइड म्हणजे कॉलेज हेच, पण लिस्टमधली वरची ब्रँच मिळाली तर द्या. फ्लोट म्हणजे लिस्टमध्ये याच्या वर जे काही आहे त्यातलं काहीही मिळालं तर द्या. फ्लोटमध्ये वरची मिळाली की आधीची आपोआप जाते आणि परत मागता येत नाही, आणि लॉक झालेली लिस्ट राउंडच्या मध्ये बदलता येत नाही, म्हणून मगाशी सांगितलेली ती जोड्यांची संध्याकाळ महत्त्वाची. सगळे राउंड संपल्यावर एनआयटी आणि ट्रिपल आयटीच्या उरलेल्या सीट्ससाठी सीसॅब या वेगळ्या बोर्डाचे स्पेशल राउंड होतात, रँक थोडक्यात हुकली असेल तर ते चुकवू नका. माघार घ्यायची तर शेवटच्या राउंडच्या आत, तारखा त्या वर्षीच्या पत्रकात असतात, व्हॉट्सॲप फॉरवर्डवर विश्वास नको.

लांब गेल्यावरच्या राहणीबद्दल लोक उगाच घाबरवतात. पहिला महिना वाईट जातो, सांबार नको वाटतं, किंवा उत्तरेत गेलात तर रोजचा राजमा नको वाटतो, मग मेसच्या टेबलावर कुणीतरी "अरे तू कुठला रे" असं मराठीत विचारतं आणि गाडी रुळावर येते. गणपतीला सुट्टी मिळत नाही, बहुतेक वेळा मिड सेमच्या आसपासच येतो, मोदक हॉस्टेलवरच होतात. रॅगिंगचा काही त्रास झालाच तर 1800-180-5522 हा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर आधीच मोबाइलमध्ये सेव्ह करून द्या, आणि हॉस्टेलच्या वॉर्डनचा नंबर आईबाबांकडेही असू द्या. रेल्वेचं रिझर्व्हेशन आता 60 दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं 120 नाही, त्यामुळे रिपोर्टिंग करून आलात की कॉलेजचं अकॅडमिक कॅलेंडर काढा, दिवाळीच्या सुट्टीची तारीख बघा, मागे 60 दिवस मोजा आणि त्या दिवशी सकाळी आठला ॲप उघडून बसा.